पावाला बुरशी आणताना: मुलांच्या शाळेतल्या प्रयोगासाठी पायरीपायरीची तयारी

माझी लेक सातवीत असताना जानेवारीत तिला शाळेतून प्रकल्प मिळाला, 'अन्न खराब का होते?' वही द्यायला दहा दिवस होते. आम्ही पाकिटातला ब्रेड आणला, एक स्लाइस फ्रिजमध्ये ठेवला, एक ओट्यावर ताटलीत उघडा ठेवला. आठ दिवसांनी ओट्यावरचा स्लाइस टोस्टसारखा कडक झाला होता आणि फ्रिजमधला जवळजवळ तसाच होता. बुरशीचा ठिपकाही नाही. नवव्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांनी शिळा ब्रेड समजून दोन्ही तुकडे टाकून दिले. पोरगी रडकुंडीला आली आणि वहीत काय लिहावं ते आम्हाला कुणालाच सुचेना.

जुलैमध्ये विज्ञान प्रदर्शनासाठी तोच विषय पुन्हा घेतला, आणि या वेळी नीट केला. दोन्ही वेळच्या अनुभवातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. सातवीच्या सामान्य विज्ञानात अन्नाची सुरक्षा आणि परिरक्षण (म्हणजे अन्न टिकवणं) शिकवतात, त्यामुळे पाचवी ते आठवीच्या मुलांना हा प्रयोग झेपतो. फक्त वेळ हवा. वही ज्या दिवशी द्यायची आहे त्याच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. दहा-बारा दिवस निरीक्षणाला लागतात आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याला जागा राहते.

## 1. 'खराब होणे' म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

आपल्या घरात याला एक शब्द नाही. दूध नासतं, वरण आंबतं, भाजी विटते, फळ सडतं, खोबरं खवट होतं, पावाला बुरशी येते, पोहे सादळतात. हे सगळे शब्द मुलाकडून एका कागदावर लिहून घ्या. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना विचारायला पाठवा, आणखी चार मिळतील.

मग प्रत्येक शब्दामागे काय घडतं ते बघा. दूध नासतं ते मुख्यतः जीवाणूंनी आम्ल तयार केल्यामुळे. पावावर वाढते ती बुरशी. खोबरं किंवा शेंगदाणे खवट होतात तेव्हा बहुतेक वेळा तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आलेला असतो, तिथे सूक्ष्मजीव असावेच लागत नाहीत. पोहे सादळतात ते नुसती हवेतली ओल शोषून. म्हणजे 'अन्न खराब का होते' हा एक प्रश्न नाहीच. जानेवारीत आमची पहिली चूक इथेच झाली, आम्ही सगळ्याचं उत्तर एका ब्रेडकडून मागत होतो.

घरी करायला सगळ्यात सोपी पावाची बुरशी. ती डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि बंद पिशवीत ठेवली तर फारसा धोका नसतो. पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे.

## 2. प्रश्न एक, बदलही एकच

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

पहिल्या प्रयोगानंतर लेकीनेच विचारलं होतं, 'बेकरीतल्या पावाला तीन-चार दिवसांत बुरशी येते, मग पाकिटातल्या ब्रेडला आठ दिवसांत का नाही आली?' आम्ही पाकीट वाचलं. त्यावर परिरक्षक म्हणून आयएनएस 282 असं छापलं होतं (आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक). हे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशीची वाढ रोखण्यासाठी ब्रेडमध्ये घालतात. तिला वाटलं, पाव आणि ब्रेड शेजारी ठेवले की झालं, परिरक्षकामुळे फरक पडतो हे सिद्ध झालं.

पण तसं होत नाही. पाव आणि पाकिटातला ब्रेड यांच्यात परिरक्षकाशिवाय कितीतरी गोष्टी वेगळ्या असतात: ओलावा, साखर, तेल, भाजल्याची तारीख, पिशवी. त्या तुलनेतून 'याला उशिरा बुरशी आली' एवढंच म्हणता येतं, 'परिरक्षकामुळे आली नाही' असं म्हणता येत नाही. हे मुलाला समजलं तर निम्मं विज्ञान समजलं असं मी मानते. कारण सांगायचं असेल तर बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलावी लागते.

शेवटी प्रश्न ठरला तो असा: एकाच लादीतल्या पावाच्या तुकड्यांवर साधं पाणी, मिठाचं पाणी आणि व्हिनेगर सारख्याच प्रमाणात टाकलं, तर बुरशी कधी आणि किती येते? पाणी टाकलेला तुकडा म्हणजे आपला तुलनेचा नमुना, पुस्तकी भाषेत 'नियंत्रित नमुना'. तिन्हींवर 1 मिलीच द्रव पडतो, म्हणून 'एकाला ओल जास्त मिळाली' अशी शंका कुणाला घेता येत नाही.

तुम्हाला दुसरा प्रश्न घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फ्रिज आणि खोली, किंवा ओला तुकडा आणि कोरडा तुकडा. दोन्ही चांगले आहेत. मात्र 'फ्रिजमध्ये कोरडा आणि बाहेर ओला' अशी सरमिसळ करू नका.

आणि प्रत्येक प्रकारचे तीन-तीन तुकडे ठेवा. आमच्या पाण्याच्या तीन तुकड्यांपैकी दोनांवर तिसऱ्या दिवशी पांढरे ठिपके दिसले, तिसऱ्यावर पाचव्या दिवशी. एकच तुकडा ठेवला असता आणि नेमका तोच निघाला असता, तर निष्कर्ष वेगळाच लिहिला गेला असता.

प्रयोग सुरू करण्याआधी मुलाचा अंदाज वहीत तारखेसह लिहून घ्या. लेकीने लिहिलं होतं, 'मिठाला अजिबात बुरशी येणार नाही, कारण लोणच्याला येत नाही.'

## 3. सामान

- बेकरीतला ताजा लादीपाव, एकाच लादीतला. 'आजचा आहे का' हे विचारून घ्या.
- झिपच्या पारदर्शक पिशव्या 9, शिवाय 2-3 जास्तीच्या
- मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज, प्रत्येक द्रवासाठी वेगळी. चमच्याने माप चुकतं.
- मीठ, पांढरं व्हिनेगर, उकळून गार केलेलं पाणी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा (नसेल तर शेजारी मागा)
- पक्क्या शाईचा मार्कर, रुंद चिकटपट्टी
- पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि मोजपट्टी
- भिंग, फोन, निरीक्षणाची वही
- नमुने ठेवायला बुटांचं रिकामं खोकं

मिठाच्या पाण्यासाठी 100 मिली पाण्यात 20 ग्रॅम मीठ विरघळवा. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं, तो आकडा वहीत उतरवून घ्या. परीक्षक विचारतात.

## 4. हे मात्र करू नका

प्रयोग घरात होतो आहे, आणि घरात लहान भावंडं, वयस्कर माणसं, कुणी दम्याचं असू शकतं. म्हणून या गोष्टींवर मी अडून बसते.

मांस, मासे, अंडी वापरू नका. त्यांवर वाढणारे जीवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, वास असह्य होतो आणि शिकायला पावापेक्षा जास्त काही मिळत नाही.

शिजवलेलं अन्न घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडून 'हवा नसली तर काय होतं' हे घरी बघू नका. हवा नसलेल्या जागी वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू अत्यंत घातक विष तयार करतो. शिवाय आत वायू साठून बरणी फुटू शकते.

न धुतलेला हात, शौचालयाचा नळ, फोन असं काय काय ब्रेडला लावून काय उगवतं ते बघायचे प्रयोग इंटरनेटवर खूप दिसतात. ते टाळा. माणसाच्या अंगावरचे आणि शौचालयातले जंतू मुद्दाम वाढवायची जागा घर नाही. त्याच कारणाने नमुन्यांना ऊब देऊ नका. खोलीचं तापमान पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं: बुरशी दिसू लागली की पिशवी पुन्हा उघडायची नाही. वास घ्यायला नाही, फोटो नीट यावा म्हणून नाही, भिंगातून जवळून बघायला नाही. भिंग पिशवीच्या बाहेरून धरा, पुरेसं दिसतं. बुरशीचे बीजाणू (ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण) इतके हलके असतात की पिशवी उघडताच हवेत पसरतात. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी त्यांना विचारा. शक्य झालं तर बाईंना विनंती करून नमुने शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवा.

## 5. नमुने तयार करणे

हे काम मुलाच्या हातून होऊ द्या, तुम्ही शेजारी बसा. सुरी फक्त तुमच्याकडे.

हात साबणाने धुऊन पुसा. पावाची वरची तपकिरी साल आणि कडा काढून आतल्या पांढऱ्या भागाचे 4 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद आणि साधारण 1 सेंमी जाड असे नऊ तुकडे कापा. साल काहींना ठेवली आणि काहींची काढली तर तुलना बिघडते.

सगळे तुकडे एका ताटात एकमेकांना न चिकटता ठेवा आणि अर्धा तास खोलीत उघडे राहू द्या. पंखा बंद. बीजाणू हवेतूनच येतात आणि सगळ्या तुकड्यांना ती संधी सारखी मिळायला हवी. जानेवारीत आम्ही एक स्लाइस थेट पाकिटातून फ्रिजमध्ये ठेवला होता आणि दुसरा दिवसभर उघडा. ती तुलना सुरुवातीलाच लंगडी होती.

मग तुकडे पिशव्यांत घाला आणि सिरिंजने 1 मिली द्रव तुकडाभर थेंब-थेंब पसरवा. एकाच जागी ओतू नका. पिशवीतली हवा दाबून काढू नका, कारण बुरशीला हवा लागते. झिप लावा आणि वरून चिकटपट्टी मारा.

प्रत्येक पिशवीवर आधीच लिहून ठेवा: पाणी 1, पाणी 2, पाणी 3, मीठ 1... आणि तारीख, वेळ. ओल्या पिशवीवर मार्कर उमटत नाही, म्हणून नंतर लिहू असं म्हणू नका.

## 6. खोकं कुठे ठेवायचं

ऊन येणार नाही, गॅसजवळ नाही, फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला नाही, आणि स्वयंपाकघरात तर नाहीच. आम्ही कपाटाच्या वर ठेवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'शाळेचा प्रयोग. टाकू नये. उघडू नये.' घरातल्या प्रत्येकाला आणि कामाला येणाऱ्या मावशींना तोंडीही सांगा. पावाला बुरशी आलेली दिसली की कोणताही शहाणा माणूस ती फेकणारच, त्यांचं काही चुकत नाही. सांगायचं काम आपलं.

मुंग्यांसाठी खोक्याभोवती औषध मारू नका. पिशव्या नीट बंद असतील तर मुंग्या येत नाहीत.

ऋतूचाही विचार करा. कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात बुरशी दोन-तीन दिवसांत दिसते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उघडा ठेवलेला तुकडा बुरशी येण्याआधीच खडखडीत वाळतो, ज्या हवेचा फायदा घेऊन आपण पापड-कुरडया वाळवतो तीच ही हवा. बंद पिशवी आणि 1 मिली द्रव यांमुळे ही अडचण बरीच सुटते. तरी थंडीत प्रयोग करणार असाल तर चार-पाच दिवस जास्त धरा.

## 7. रोजची नोंद

रोज एकाच वेळी. आमच्याकडे संध्याकाळी सात, गृहपाठाच्या आधी.

'थोडी बुरशी', 'खूप बुरशी' असं लिहू नका. मोजा. पारदर्शक प्लास्टिकवर 4 सेंमी लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यात अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोन पाडा, एकूण 64 होतात. हा कागद पिशवीवर ठेवायचा आणि ज्या चौकोनात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग बुरशीने भरला आहे तेवढे मोजायचे. 16 चौकोन भरले तर 25 टक्के. मोजणारं माणूस रोज तेच हवं, कारण 'निम्मा' म्हणजे किती हे प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळं दिसतं.

तक्त्यात रकाने एवढेच: तारीख आणि वेळ, पिशवीचं नाव, भरलेले चौकोन, रंग, इतर नोंद. खोलीत तापमापक असेल तर तापमानही लिहा. फोटो रोज त्याच जागी, त्याच दिव्याखाली, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.

दोन गोष्टींनी फसायला होतं. पिशवीला आतून धरलेले पाण्याचे थेंब लांबून बुरशीसारखे दिसतात, पिशवी हलकेच तिरकी करून खात्री करा. आणि एखादा दिवस राहून गेला तर तो रकाना रिकामा ठेवा, 'राहिले' असं लिहा. आमचा एक रविवार लग्नात गेला. लेक म्हणाली, 'शनिवार आणि सोमवारच्या मधला आकडा लिहू का?' मी नाही म्हटलं. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहायची नाही, एवढं या वयात बोटांत बसलं तर पुढे जन्मभर उपयोगी पडतं.

## 8. निकाल वाचताना

आमचा निकाल असा होता: पाण्याच्या तुकड्यांवर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बुरशी दिसली, मिठाच्या तुकड्यांवर सहाव्या दिवसानंतर, आणि व्हिनेगरच्या तुकड्यांवर दहा दिवसांत काहीच नाही. लेकीचा अंदाज चुकला होता. मिठाने बुरशी लांबवली, थांबवली नाही.

तिला अंदाज खोडायचा होता. खोडू देऊ नका. 'मला असं वाटलं होतं, तसं झालं नाही, कारण असं असावं' हा वहीतला सगळ्यात मोलाचा परिच्छेद असतो. आम्ही लोणच्याचा हिशेब पुन्हा केला. लोणच्यात मीठ पुष्कळ, शिवाय कैरीचं आम्ल आणि वर तेलाचा थर. आमच्या तुकड्यावर पडलं जेमतेम 0.2 ग्रॅम मीठ. मीठ पदार्थातलं पाणी धरून ठेवतं आणि सूक्ष्मजीवांना ते वापरता येत नाही. मीठ कमी असेल तर काही बुरशा तग धरतात. मुरांब्यात हेच काम साखर करते. 'लोणच्याला ओला चमचा लावू नका' असं आजी का म्हणते, हे लेकीला त्या दिवशी कळलं: त्या एका जागी पाणी वाढतं आणि मीठ पातळ होतं.

रंगाची नोंद जरूर करा, पण नुसत्या रंगावरून बुरशीचं नाव लिहू नका. पांढरी कापसासारखी वाढ आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्यासारखे काळे ठिपके असतील तर ती बहुधा रायझोपस असते. हिरवट-निळी पेनिसिलियमही असू शकते आणि ॲस्परजिलसही. 'हिरवट बुरशी' एवढं लिहिणं प्रामाणिक आहे.

काहीच उगवलं नाही तर? तोही निकाल आहे. काय पाहिलं, किती दिवस पाहिलं, का झालं नसावं, पुढच्या वेळी काय बदलाल, हे लिहायचं. जानेवारीत हे मला माहीत असतं तर ती वहीही चांगली झाली असती. आदल्या रात्री दुसऱ्या कुठल्या तरी बुरशीचा फोटो शोधून चिकटवण्याचा मोह मात्र टाळा.

## 9. परीक्षक काय विचारतात

उत्तरं पाठ करून घेऊ नका, जेवताना गप्पांत हे विषय काढा.

*बुरशी आली कुठून?* हवेतल्या बीजाणूंपासून. इथे लुई पाश्चरची गोष्ट सांगता येते. 1860 च्या सुमारास त्याने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला. हवा आत जात होती, पण धूळ नळीच्या वळणात अडकत होती, म्हणून रस्सा टिकला. मान मोडली की खराब झाला.

*बुरशीचा भाग कापून उरलेला पाव खाल्ला तर?* खाऊ नये. पाव मऊ आणि सच्छिद्र असतो, बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. काही बुरशा विष तयार करतात. शेंगदाणे आणि मक्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हसचं अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

*फ्रिजमध्ये बुरशी मरते का?* नाही, तिची वाढ मंदावते. चार-पाच अंशांतही काही बुरशा हळूहळू वाढतात.

*सगळ्या बुरशा वाईटच का?* पाव फुगवणारं यीस्ट हीसुद्धा एक बुरशीच. पेनिसिलिन 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीतच सापडलं. आमच्या लेकीला हा प्रश्न खरंच विचारला गेला, आणि 'एका बुरशीने पाव फुगला, दुसरीने खराब झाला' हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं.

## 10. दिवस कमीच असतील तर

मग दूध घ्या, दोन दिवसांत होतं. एकाच पिशवीतलं दूध तीन स्वच्छ पेल्यांत सारखं ओता: एक न उकळता बाहेर, एक उकळून बाहेर, एक न उकळता फ्रिजमध्ये. पेल्यांवर सैल झाकण ठेवा. दर चार तासांनी प्रत्येकातलं थोडं दूध चमच्याने काढून पीएच कागदावर टाका, आणि चमचा दर वेळी धुऊन घ्या. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ताज्या दुधाचा पीएच साधारण 6.6 ते 6.8 असतो. तो 4.6 च्या आसपास उतरला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं आणि दूध फाटलेलं दिसतं. कागद मिळाला नाही तर जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात चुरगाळून काढलेला रंग चालतो, आम्लात तो गडद गुलाबी होतो. प्रयोगातलं दूध कुणीही पिऊ नये, चहालाही वापरू नये.

## 11. विल्हेवाट

प्रदर्शनात बंद पिशव्या दाखवायच्या असतील तर त्या एका मोठ्या पारदर्शक डब्यात ठेवून डब्याला चिकटपट्टी लावा. गर्दीत कुणीतरी हात लावतंच. त्याहून सोयीचं म्हणजे दहा दिवसांचे फोटो ओळीने तक्त्यावर चिकटवणं. आम्ही तेच केलं आणि बुरशी घरीच ठेवली.

प्रयोग संपला की पिशव्या न उघडता एका जाड पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि कचऱ्याची गाडी येते त्याच दिवशी द्या. ओला-सुका वेगळा करण्यासाठी त्या उघडू नका. कचरा नेणाऱ्या दादांना आत बुरशी आहे हे सांगा, त्यांचेही हात माणसाचेच आहेत. खोकंही त्यांनाच द्या, जागा ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं साबणाने धुवा आणि मग मुलाचे नि तुमचे हात.